बालपुरवणीतला एकसारखा वाघ

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या बालपुरवणीत तुम्ही मुलांनी काढलेले प्राणी छापता ते चांगलंच आहे, पण कधीपासून बघतेय, वाघ म्हणजे तोच वाघ आणि मोर म्हणजे तोच मोर, सगळे मोबाइलवर बघून उतरवलेले आणि वरून काळं स्केचपेन फिरवलेलं. पोरांनी खरं जनावर बघून काढलं की ते असं गुळगुळीत येतच नाही हो.

मी तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवते. सहावीच्या पोरांना पिकासोचा बैल दाखवते. १९४५ च्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत पॅरिसमध्ये त्याने एकाच बैलाची ११ लिथोग्राफ (दगडावर काढून घेतलेले छाप) केली, आधी चांगला धष्टपुष्ट बैल, मग एकेक गोष्ट कमी करत करत शेवटी नुसत्या थोड्याशा रेघा, इवलंसं डोकं आणि शिंगं, तरी बैल तो बैलच. मग आम्ही गोठ्यात जाऊन म्हैस काढतो. पहिल्या कागदावर सगळं हवं, मानेच्या घड्या, कास, खुरं, शेपटीचा गोंडा, अंगावर वाळलेलं शेण सुद्धा. पुढच्या प्रत्येक कागदावर काहीतरी कमी करायचं. यंदा एकीने पाय गाळले, डोळे गाळले, पोटाची रेघ पण गाळली, तरी म्हैस टिकली, शेजारच्याने शिंगं खोडली आणि अख्खा वर्ग ओरडला, डुक्कर झालं! नको ते गाळून मूळ रूप ठेवायचं, म्हणजे ॲबस्ट्रॅक्शन, ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही. पहिला कागद चुकवून डायरेक्ट तीन रेघा मारणारे महाभाग पण असतात, त्यांना परत गोठ्यात पाठवते.

पहिली-दुसरीतल्या पोरांचं आणखी वेगळं, अंग बाजूने, शिंगं समोरून, चारही पाय ओळीत, आणि गाभण असेल तर पोटात वासरू पण दिसतं. मूल दिसतं ते नाही, माहीत असतं ते काढतं, हे ल्यूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्येच लिहून ठेवलंय, आणि आपल्याकडे स्पर्धांचे परीक्षक अजून त्यावर ‘प्राणी चुकला’ असा शेरा मारतात. वारलीतला त्रिकोणाचा बैल मात्र सगळ्यांना चालतो, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली म्हणून भिंतीवर कौतुकाने लावतात. तसंच स्वतःच्या पोराने केलं की पालक म्हणणार, मॅडम, नीट काढायला शिकवा, पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट द्यायचीय, दहावीला मार्क वाढतात.

तर पोळ्याच्या अंकासाठी बैल मागवाल तेव्हा ‘चित्र सुबक व स्वच्छ असावे’ ही अट तेवढी काढून टाका, आणि चित्राखाली मुलाचं वय छापा, म्हणजे सहा वर्षांचा बैल अकरा वर्षांच्या बैलाशेजारी बघून कोणी नाक मुरडणार नाही. आमच्या शाळेची चित्रं पाठवतेच आहे. त्यातली दोन-तीन ओळखू येणार नाहीत, फोन करून विचारू नका, बैलच आहेत.

– एक चित्रकला शिक्षिका, जि. सातारा