भुतिया बोर्डिंग स्कूलचा इतिहास अर्धा सांगू नका

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की महाराष्ट्रातून दार्जिलिंगकडे पर्यटकांची रीघ लागते. टायगर हिलचा सूर्योदय, चहाचे मळे, टॉय ट्रेन झाली की मंडळी गंगटोकला निघतात. ही टॉय ट्रेन १८८१ साली दार्जिलिंगला पोचली आणि १९९९ मध्ये जागतिक वारसा ठरली. कौतुकच आहे. पण गाडीच्या सात वर्षं आधी या गावात एक शाळा निघाली होती आणि तिचं नाव मी अजून एकाही सहलीच्या पत्रकात वाचलेलं नाही.

बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कॅम्पबेल यांच्या हुकमाने १८७४ मध्ये भुतिया बोर्डिंग स्कूल सुरू झालं. दार्जिलिंग तेव्हा सरहद्दीवरचं ठाणं. पलीकडे सिक्कीम, त्याच्याही पलीकडे परक्यांना दार बंद केलेला तिबेट. मुख्याध्यापक म्हणून आले चितगावचे शरच्चंद्र दास, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेले, वय जेमतेम पंचविशीचं. तिबेटी शिकवायला सिक्कीममधल्या रिंचेनपाँग मठातले लामा उग्येन ग्यात्सो. भुतिया आणि लेपचा या तिथल्या डोंगरी जमातींच्या मुलांना इंग्रजी, तिबेटी आणि वर जमिनीची मोजणी! डोंगरातल्या पोरांना मोजणी कशासाठी? उद्या तिबेटचा रस्ता उघडलाच, तर सरकारला दुभाषे आणि नकाशे करणारे हाताशी हवे होते.

मुलांच्या आधी गुरुजीच निघाले. उग्येन लामांनी आपल्या मठाच्या कामाने तिबेटात जाऊन दासांसाठी परवाना मिळवला आणि १८७९ मध्ये दोघं तिबेटातल्या ताशिल्हुन्पो मठात पोचले. वरवर धर्मग्रंथांचा अभ्यास, आणि गुपचूप वाटांची, घाटांची मोजदाद. १८८१ च्या अखेरीस दास पुन्हा गेले आणि पुढच्या वर्षी थेट तिबेटची राजधानी ल्हासापर्यंत पोचले. आम्ही भूगोलाचे मास्तर तिबेटची गुपचूप मोजणी करणाऱ्या नैनसिंग रावतांच्या, पावलं मोजायला केलेल्या १०८ ऐवजी १०० मण्यांच्या जपमाळेची गोष्ट वर्गात रंगवून सांगतो. नैनसिंग डेहराडूनला तयार झाले. दार्जिलिंगच्या या शाळेची गोष्ट मात्र आमच्याही तोंडी येत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. ताशिल्हुन्पोत दासांना आसरा दिला तो सेंगचेन लामांनी. मोठ्या अधिकाराचा हा माणूस नव्या विद्येसाठी आसुसलेला होता. दासांकडून तो गणित शिकला, छपाईचा शिळाप्रेसही त्याने मागवून घेतला. पाहुणा इंग्रज सरकारचा हेर होता हे ल्हासाच्या सरकारला कळल्यावर १८८७ मध्ये सेंगचेन लामांना नदीत बुडवून ठार मारण्यात आलं. दासांना आश्रय देणाऱ्या इतरांनाही तुरुंगवास भोगावा लागला. इकडे दास रायबहादुर झाले. १९०२ साली त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश निघाला; त्याची थोरवी मी नाकारत नाही.

पुढे ही शाळा जिल्हा शाळेत मिसळून दार्जिलिंगचं सरकारी हायस्कूल झालं. तिच्याच विद्यार्थ्यांपैकी रिनझिन नामग्याल यांनी कांचनजंगाच्या परिसराची पाहणी केली, तर काझी दावा सामदुप नामांकित अनुवादक झाले. एवढी माणसं घडवणारी शाळा नुसतं हेरांचं पाळणाघर म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. आणि तिच्या कपाळी 'साहसी संशोधकांची शाळा' एवढीच पाटी मारणं हेही तितकंच चुकीचं.

म्हणून विनंती अशी, की आपल्या मंत्रालयाने दार्जिलिंगमध्ये या शाळेच्या इतिहासाचं एक छोटं, कायमचं दालन उभारावं. मजकूर नेपाळी, तिबेटी, बंगाली आणि हिंदीत असावा. दास आणि उग्येन ग्यात्सो यांचे प्रवासवृत्तांत भारतीय भाषांत स्वस्तात छापावेत. मराठीतले मी स्वतः विकत घेईन. दालनात दासांचं चित्र लावाल तेव्हा शेजारी, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, सेंगचेन लामांचं नाव आणि १८८७ साली काय घडलं ते लिहा. त्यातला 'ठार मारलं' हा शब्द कुठल्याही समितीने मवाळ करू नये.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा