सेन्सर फेकण्याआधी वायर तपासा

महोदय,

पावसाळा लागला की रत्नागिरी, लोटे परिसरातल्या कारखान्यांत आणि किनाऱ्यावरच्या मासळी प्रक्रिया केंद्रांत प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा) ‘गेला’ म्हणून सरसकट बदलला जातो. पुष्कळदा तो ठणठणीत असतो.

लोखंडी पट्टी समोर धरल्यावर सेन्सरचा दिवा लागतो, पण कंट्रोलरच्या (मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या) इनपुट कार्डावरचा, म्हणजे सेन्सरचा सिग्नल घेणाऱ्या कार्डावरचा, लागत नाही, असे झाल्यास मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. तपकिरी आणि निळ्या वायरमध्ये 24 व्होल्ट हवेत. मग पट्टी तशीच धरून काळी वायर पाहा. पीएनपी सेन्सर (काळ्या वायरवर + व्होल्ट देणारा) असेल तर काळ्या-निळ्यात 24च्या जवळपास मिळतील, एनपीएन (काळी वायर 0 व्होल्टला जोडणारा) असेल तर काळ्या-तपकिरीत. मिळाले, म्हणजे सेन्सर शाबूत. आता कार्ड बघा. सिंकिंग इनपुटला, म्हणजे ज्यात करंट सेन्सरकडून कार्डात येतो त्याला, पीएनपीच लागतो. दुकानात मिळाला तो एनपीएन आणून जोडला की हाच घोळ होतो. पॉवर सप्लाय दोन असतील तर त्यांचे 0 व्होल्ट एकमेकांना जोडलेले हवेत. हे हमखास राहून जाते. रेझिस्टर लावून एनपीएन चालवण्याचा जुगाड मात्र कृपया करू नका: सिग्नल उलटतो आणि सेन्सरची वायर तुटली तरी इनपुट चालूच राहतो.

खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो, सिग्नल मधूनच जातो. कनेक्टर घट्ट आवळा. केबलला त्याच्याखाली लोंबता वळसा द्या, पाणी तिथूनच ठिबकेल.

देखभाल विभागांनी सेन्सरचा प्रकार पॅनेलच्या दारावर ठळक लिहून ठेवावा, ही विनंती.

— एक वाचक, रत्नागिरी