अण्णांची हत्यारांची पेटी

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुम्ही विचारलंत की अण्णा परत यायच्या आधी त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर टाकून देऊ का, तेव्हा ते शेजारीच बसले होते म्हणून मला नीट बोलता आलं नाही. पेटी काढून घेऊ नका वहिनी. तुमची भीती खरी आहे, मी इथे तीच रोज अनुभवली, पण पेटी दिसली नाही तर ते भाजीची सुरी घेऊन स्क्रू काढायला बसतात आणि ते जास्त वाईट.

इथे आल्यावर एकदा मी ऑफिसमधून आले तर अण्णा खुर्चीवर स्टूल ठेवून वरचा बल्ब बदलतायत, घरात दुसरं कुणी नाही. माझे हातपायच गार पडले. यांनी रात्री आवाज चढवला, अण्णा म्हणाले मी काय आज पहिल्यांदा चढतोय का, आणि मग जेवताना कुणी कुणाशी बोलेना. ओरडून काही होत नाही हे तेव्हाच कळलं.

म्हणून चेकअपला गेलो तेव्हा मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांकडे विषय काढला. डॉक्टरांनी त्यांनाच समजावलं की बीपीच्या गोळीमुळे पटकन उठलं की प्रेशर खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, मान वर करून काम करताना तोल जाऊ शकतो, आणि चष्म्याचा खालचा भाग वाचायचा असल्यामुळे उतरताना पायरी धूसर दिसते. शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डोक्याला मार लागला तर बाहेर काही दिसलं नाही तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे डोकं आपटलं तर ते कितीही म्हणाले काही लागलं नाही, तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, हे भाऊजींनाही सांगून ठेवा.

डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं. तेव्हापासून ठरलंय की दोन्ही पाय जमिनीवर ठेवून होईल ते काम अण्णांचं, वर चढायचं काम यांचं. पण हे चढले की अण्णांनी खाली उभं राहून सांगायचं, आणि ते खरंच बारीक लक्ष देऊन सांगतात, शिडी भिंतीला टेकवली तर 4 फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून 1 फूट लांब हवा, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

लाइटच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देत नाही, तुम्हीही देऊ नका. मेन बंद असल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, सारखा पडत असेल तर त्याजागी मोठ्या अँपिअरचा बसवू असं ते म्हणतील, तो बसवू देऊ नका, वायर तेवढा लोड घेणारी नसेल तर एमसीबी पडायच्या आधी वायरच तापते आणि आग लागू शकते. तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवा. फक्त तो आला की अण्णांना काय बिघडलंय ते त्याला दाखवू दे, नाहीतर त्यांना फार लागतं.

आणि वहिनी, बसून करायच्या कामात त्यांना बघा एकदा. परवा बेसिनचा नळ गळत होता. आधी खालचा कॉक बंद केला, मग स्क्रू आत पडू नये म्हणून भोकावर फडकं दाबलं, काढलेला एकेक भाग पेपरवर ओळीने मांडला म्हणजे उलट क्रमाने बसवता येतो. चहाचा कप धरताना हात थरथरतो ना त्यांचा, पान्हा धरल्यावर बराच स्थिर होता. झिजलेला वायसर काढून मला बोटावर ठेवून दाखवला, मधे गोल खाचच पडली होती. आई गेल्यापासून त्यांना कुणी अमुक एक करून द्या म्हणत नाही, आपण सगळे त्यांना बसा, आराम करा एवढंच म्हणतो. मला वाटतं न सांगता स्टुलावर चढतात ते त्याच्यामुळेच, म्हणून मी हल्ली आपणहून काम सांगते. वेळ लागतो, पसारा होतो, होऊ दे.

गोळ्यांची चिठ्ठी आणि डॉक्टरांचे कागद त्यांच्या हँडबॅगेत ठेवतेय, ते आल्या आल्या काढून घ्या. स्टूल तेवढं आधीच कुणालातरी देऊन टाका, आणि स्वयंपाकघरातला तो ड्रॉवर अडकतो म्हणालात ना, तो सुताराकडून करून घेऊ नका, अण्णांना सांगा.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी जाऊ