आणखी तीन वर्षे

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर मी मध्येच गप्प झाले, ते तुम्हा दोघांच्या लक्षात आले असणार. इथल्या कामाच्या मुदतवाढीच्या कागदावर त्याआधीच सही करून झाली होती. आणखी तीन वर्षे मी इथेच राहणार आहे. आधी विचारायला हवे होते. पण दादाच्या वेळी तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि नंतर आठ दिवस घरात कोणी धड जेवले नाही, ते आठवून धीर झाला नाही.

बाबा, गच्चीवरून तुम्ही दाखवायचात त्या ययाति तारकासमूहात, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर, दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे. त्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू असून त्याचे वस्तुमान तिथल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. १९७६ मध्ये त्याच्या क्ष-किरणांत लोखंडाची रेषा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी खूण, सापडली. लोखंड घडते ताऱ्यांमुळे, तेव्हा ते ताऱ्यांच्या स्फोटांतूनच बाहेर पडले असणार. पुढे २०१३ मध्ये सुझाकू या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून असे दिसले की समूहाच्या कडेपर्यंत त्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सूर्यातल्याच्या एक तृतीयांशाइतके आहे. म्हणजे समूह जुळून येण्याआधीच, हजार कोटी वर्षांहून पूर्वी, ते सगळीकडे मिसळले होते. कोणत्या जातीच्या स्फोटांनी किती भर घातली, हे क्रोमियम, मँगनीज आणि निकेल यांच्या फिकट रेषांवरून ताडणे, हे माझे काम.

ते आताच का, असे तुम्ही विचाराल. हितोमी ही दुर्बीण फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटली आणि मार्च संपण्याआधीच हातची गेली. तिच्या जागी सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या क्रिझमच्या मुख्य उपकरणापुढचे झाकण उघडलेच नाही आणि कमी ऊर्जेचे किरण त्यातच अडतात, त्यामुळे ऑक्सिजनच्या रेषांसाठी आम्हाला १९९९ च्या एक्सएमएम-न्यूटन या जुन्या दुर्बिणीकडेच वळावे लागते. अशी यंत्रे चालू आहेत तोवरच त्यांच्याजवळ राहायचे असते. क्रिझमचे हे उपकरण निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, वर अंशाच्या विसाव्या भागावर ठेवलेले असते, आणि एकेक क्ष-किरण पडला की ते किती तापले यावरून त्या किरणाची ऊर्जा कळते. आई, तू अर्धवट झोपेत माझ्या कपाळावर तळवा ठेवून ताप किती ते सांगायचीस आणि थर्मामीटर मागून तेच सांगायचा. रीत तीच आहे, तळवा तेवढा फार गार.

थंडी त्या उपकरणाला, मला नव्हे. माझ्या खोलीत सकाळचे ऊन येते, जेवण वेळेवर होते, आणि जागरणेही नाहीत, कारण निरीक्षणे उपग्रह करतो व मी दिवसा संगणकापुढे बसते.

आता माझे ऐका. आई, लोहाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नकोस आणि चहाबरोबर तर मुळीच घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. मुलीने कुठले कुठले लोखंड मोजत बसावे आणि तुझ्याच रक्तात ते कमी पडावे, हे मला सोसत नाही. बाबा, जिन्यातला दिवा दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्या, मागच्या वेळचे पुरे झाले. रागावला असाल तर फोनवर रागवा, पण फोन उचला.

वर्षातून दोनदा येईन, तारखा तुम्हीच ठरवा. येताना काय आणू तेही कळवा, आणि ‘काही नको’ असे लिहू नका.

तुमची,
चिमी