महालातल्या पेंटरकाकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. देश सोडून गेलेल्या चित्रकारावरच्या माझ्या वर्गातल्या धड्याला तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार घरी येऊन मानले असते, तर "बस झालं बाप्पा, चहा घे" म्हणून तुम्ही विषय बदलला असता.

देश सोडून गेलेला चित्रकार म्हटलं की नागपुरात पहिलं नाव सय्यद हैदर रझांचं निघतं. साहजिकच आहे, ते इथे शिकले आणि 1950 मध्ये पॅरिसला गेले. पण मला मुलांसमोर भिंतीवर काम केलेला माणूस मांडायचा होता, म्हणून आर्शिल गॉर्की. मूळचा आर्मेनियन, वान सरोवराकाठचा, जन्मनाव वोस्दानिग आदोयान. आर्मेनियन लोकांच्या नरसंहारातून निसटला, 1919 मध्ये आई उपासमारीनं गेली, 1920 मध्ये अमेरिकेत पोचला. तिथे नाव बदललं आणि रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की आपला नातेवाईक असल्याची थापही ठोकून दिली! (मुलांना हेच सगळ्यात आवडलं.)

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आईसोबतच्या 1912 मधल्या फोटोवरून केलेल्या चित्रावर तो सुमारे दहा वर्षं काम करत होता. रंग वाळला की ब्लेडनं खरवडायचा, पुन्हा रंगवायचा. चांगलं झालेलं काम खरवडायचं कशाला? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. शेडमधला एक जुना बोर्ड काढून ऑइल पेंटचा हात मारलात आणि वाळल्यावर मला बोलावलंत. वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा बारीक पॉलिश पेपर) भिजवून हलक्या हातानं घासलंत, फडक्यानं पुसलंत, माझं बोट धरून त्यावरून फिरवलंत. ब्रशची एक रेघ लागली नाही. मी लगेच पुढचा हात मारायला गेले, तर म्हणालात, "काहून घाई करून राहिली वं? बोर्ड पळून चालला का?"

अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावरच्या त्याच्या चित्रांचंही तसंच, तिथेही तुम्हीच वाट दाखवलीत. मंदीच्या काळात अमेरिकी सरकारनं कलाकारांना काम दिलं, त्यात गॉर्कीनं तिथे दहा म्यूरल, म्हणजे भिंतीवरची मोठी चित्रं, केली. विमानाचे आणि यंत्रांचे भाग सुटे करून सपाट रंगांत मांडले. पुढे त्यांवर रंग फासला गेला. 1970 च्या दशकात त्या थरांखाली दोन सापडली, बाकीची गेलीच. हे ऐकल्यावर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "कापडावर होती का?" होतीच, कॅनव्हासवर ऑइल पेंट. "मग बरोबर. ओली भिंत रंगाले खाते, कापड मधात असलं तं टिकते." इतकी पुस्तकं चाळून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

1946 मध्ये जळलेला त्याचा स्टुडिओ आणि 1948 मधली आत्महत्या मी दोन वाक्यांत आटोपली. बोर्ड मात्र वर्गभर फिरला, प्रत्येकानं बोट लावून पाहिलं.

आता पोरांना तुमची शेड बघायची आहे. रविवारी आणते. नाही म्हणालात तरी येणार आहेत, तेव्हा वॉटर पेपर जास्तीचा आणून ठेवा. पैसे मी देईन, आणि या वेळी ते परत करायचे नाहीत.

तुमची,
चित्रकलेची मास्तरीण