बाबा, तो नुसता व्हिडिओ गेम नाहीये

प्रिय आई-बाबा,

रविवारी बाबा हसले ना, "आयसीयूत पेशंटला गेम लावून देता म्हणे", आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून आता नाइट ड्युटीवरून आल्या आल्या टाइप करतेय, चुका झाल्या तर चालवून घ्या.

आमच्याकडे भाजलेल्यांचं ड्रेसिंग म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मॉर्फीन देऊनही माणूस कळवळतो. तेव्हा डोळ्यांवर तो व्हर्च्युअल रिॲलिटीचा मोठा चष्मा द्यायचा, म्हणजे आत चहूबाजूंनी खोटं जग दिसतं, कानात आवाज, आणि पेशंट बर्फाच्या दरीतून चाललाय, समोरच्या स्नोमॅनला, पेंग्विनला बर्फाचे गोळे मारतोय. हे सुरू झालं इथेच सिॲटलला, १९९६ मध्ये, हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हार्बरव्ह्यू हॉस्पिटलच्या भाजलेल्या पेशंट्सवर करून बघितलं. चेहराच भाजला असेल तर चष्मा स्टँडच्या हातावर अडकवून डोळ्यांसमोर धरतात, कातडीला लागत नाही.

दुखणं कळायला पण लक्ष द्यावं लागतं हो, आणि लक्ष काही पोतंभर नसतं. ते गोळे मारण्यात खर्च झालं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. हॉफमननी २००४ मध्ये धडधाकट लोकांना चटके देऊन मेंदूचे स्कॅन काढले, तर चष्मा असताना दुखण्याशी संबंधित भाग खरंच शांत होते. औषध मात्र चालूच ठेवतो, आणि ज्याला मळमळतंय किंवा भ्रम झालाय त्याला आम्ही लावत नाही.

बाबा, गुऱ्हाळात काकवी उडून तुमचा हात भाजला होता आठवतंय? कंपाउंडर पट्टी सोडवायचा आणि आई ट्रान्झिस्टर तुमच्या कानाला लावून उभी. एकदाच ओरडलात, ते पण गावसकर आउट झाला म्हणून! मी दाराआडून बघत होते.

पुढच्या महिन्यात बायपासनंतर दोनेक दिवस आयसीयूत काढायचेत, तुम्ही बोलत नसलात तरी आई सांगते की रात्री झोपत नाही. तिथे असा चष्मा मिळेल न मिळेल, पण सिस्टरना आधीच विचारून ठेवा इअरफोन चालतील का, मी जुन्या मॅचेस मोबाइलवर भरून पाठवते.

आई, ट्रान्झिस्टर माळ्यावर आहे का ग अजून, की भंगारवाल्याला दिलास?

तुमची,
बेबी