वेकबोर्डिंग: आधी दोर बघा

महोदय,

सुट्टीत वेकबोर्डिंग (बोटीला बांधलेला दोर धरून, फळीवर उभं राहून पाण्यावर घसरत जाणं) शिकायला जाणाऱ्या इंदूरच्या मुलांनी बोर्डाआधी दोर किती लांब आहे ते विचारावं. ६५-७० फुटी दोर सरावलेल्यांचा. नवशिक्याला ३० ते ५० फूट पुरे. आखूड दोराची ओढ जरा वरच्या दिशेने लागते, त्यामुळे पाण्यातून उठणं सोपं जातं. शिवाय बोटीजवळ तिच्यामागे उठणाऱ्या दोन लाटांमधला पट्टा अरुंद असतो, तो पार करणं सोपं. वेग ताशी २५-३० किलोमीटर ठेवावा.

लांबी कमी करायला गाठ मारू नका, तिथेच दोर कमकुवत होतो; दोरातले मधले, सुटे होणारे तुकडे काढा. आणि हवा भरलेली, बसायची ट्यूब ओढायचा, ताणला जाणारा नायलॉनचा दोर तर अजिबात नको! ताणात असताना हँडल सुटलं की ते झटक्यात बोटीतल्यांवर येतं.

– एक वाचक, इंदूर